तुपाची वाटी आणि सोन्याचं वजन

घरातल्या लहान कुत्र्याचं वजन वाढलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मुका जीव आहे, खाऊ दे. दुसरा म्हणतो, मुका आहे म्हणूनच त्याच्या वतीने आपण विचार करायचा. दोघांचाही कुत्र्यावर तितकाच जीव असतो, आणि वाद चढला की नेमकं हेच विसरलं जातं. मला ह्यातला कुठलाच पक्ष खोटा वाटत नाही. म्हणून ते दोन्ही समोरासमोर बसवले आहेत. माणसं मी रचली आहेत, बोलणं मात्र घराघरातलं आहे.

आत्या सत्तरी ओलांडलेली, शाळेतून निवृत्त झालेली, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते. भाची पशुवैद्य आहे, परळच्या कॉलेजात शिकलेली. दोघींच्या मधे, फरशीवर गारव्याला पोट टेकून सोन्या पडलेला आहे. पांढरा, झुपकेदार शेपटीचा इंडियन स्पिट्झ, ज्याला सोसायटीतले सगळे पॉमेरियन म्हणतात. वय नऊ वर्षं. वजन ९.२ किलो. त्याच्या चणीला सातच्या आसपास पुरे होतं.

आत्या: आल्याआल्या त्याच्या पोटाला हात लावलास. आधी त्याला भेटायचंस तरी.

भाची: भेटलेच की. हात लावला तो बरगड्या चाचपायला. ह्याचे केस इतके दाट आहेत की नुसतं बघून काही कळत नाही. तू स्वतःचा पंजा पसर आणि हाताच्या पाठीवरून बोटं फिरव. पातळ कातडीखाली हाडं लागतात ना? बरगड्या अशा लागायला हव्यात. आता हात उलटा करून अंगठ्याखालच्या मांसल भागावरून बोटं फिरव. सोन्याच्या बरगड्या अशा लागतात. दाबल्याशिवाय हाड सापडतच नाही.

आत्या: केसांमुळे तो गोल दिसतो. पहिल्यापासून तसाच आहे.

भाची: मग आंघोळीच्या वेळी बघ. ओला झाला की खरा आकार दिसतो. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर आत जायला हवी आणि बाजूने पाहिलं तर पोट मागच्या पायांकडे वर चढायला हवं. आम्ही नऊ पायऱ्यांची मोजपट्टी वापरतो. चार-पाच म्हणजे छान. त्याच्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे साधारण दहा टक्के जादा वजन. सोन्या आठवर आहे.

आत्या: असू दे. त्याला कसला त्रास आहे? झोपतो, खातो, बेल वाजली की भुंकतो.

भाची: सोफ्यावर उडी मारून बसायचा. कधी सोडलं?

आत्या: वय झालं त्याचं.

भाची: नऊ वर्षांचा स्पिट्झ म्हातारा नसतो, आत्या. ही जात बारा-चौदा वर्षं सहज काढते. आपण वयाच्या नावावर खपवतो त्यातलं बरंचसं वजनामुळे झालेलं असतं. लहान कुत्र्यांची गुडघ्याची वाटी मुळातच सरकायला बघते. त्यांची श्वासनलिका नाजूक असते, ती बसकी व्हायला लागली की तो कोरडा, घोगरा खोकला सुरू होतो. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो. आणि माणसासारखा घाम काही त्याला येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. चरबीचा थर चढलेल्या कुत्र्याला तेही धड जमत नाही.

आत्या: म्हणजे उद्या काहीतरी होईल म्हणून आज उपाशी ठेवायचं.

आत्या म्हणते ते ऐकायला भावनेचं वाटतं, पण त्यामागे एक खरा प्रश्न आहे: आयुष्य किती लांब, हा हिशेब कुत्र्याच्या दृष्टीने किती महत्त्वाचा? कुत्रा पुढच्या वर्षाचा विचार करत नाही. त्याच्यासाठी वाटीत आज काय आहे तेच खरं. ह्याचं उत्तर नुसत्या दरडावण्याने देता येत नाही, म्हणून थोडं थांबून दोन अभ्यास सांगते.

अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या चोवीस जोड्या लावल्या गेल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न मिळालं, आणि ते आयुष्यभर. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक १३ वर्षं होता, दुसऱ्यांचा ११.२. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कमी खाणाऱ्यांना सांधेदुखी उशिरा लागली. वाढलेली वर्षं लंगडत, औषधांवर काढलेली नव्हती. दुसरा अभ्यास २०१९ चा. पन्नास हजारांहून जास्त कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी, बारा जाती, त्यात पॉमेरियन आणि डॅशहंडही. बाराही जातींत लठ्ठ कुत्रे कमी जगले. जर्मन शेफर्ड नरांत फरक पाच महिन्यांचा होता. यॉर्कशायर टेरियर नरांत, म्हणजे मांडीवर मावणाऱ्या कुत्र्यांत, अडीच वर्षांचा. लहान कुत्र्याला वजनाचं काय एवढं, असं म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आत्या: अडीच वर्षं जास्त. पण ती कशी? वाटीकडे बघत, जीभ बाहेर काढून?

भाची: हाच प्रश्न लिव्हरपूलच्या विद्यापीठातल्या लोकांना पडला होता. कुत्र्यांचं वजन उतरवण्याचं क्लिनिकच आहे तिथे. वजन उतरायच्या आधी आणि नंतर त्यांनी मालकांना कुत्र्याच्या वागण्याबद्दल विचारलं. २०१२ साली ते छापून आलं. वजन उतरलेल्या कुत्र्यांत उत्साह वाढला होता, दुखणं कमी झालं होतं, मनाची घालमेलही कमी झाली होती. आणि जेवढी चरबी जास्त उतरली तेवढा उत्साह जास्त.

आत्या: मालकांना विचारलं. कुत्र्यांना नाही.

भाची: ते खरं. पण उडी मारतो की नाही, खेळणं तोंडात घेऊन येतो की नाही, हे तर मालकाला दिसतंच. तुलाही दिसलं होतं, म्हणून तर मगाशी वय काढलंस.

आत्या: बरं, मला एक सांग. नामदेवांची गोष्ट तुला लहानपणी कोणी सांगितली? मीच. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. मी नऊ वर्षं सोन्याला तूप लावूनच पोळी देत आले. आणि आता तू सांगतेस की त्यानेच त्याचं वाईट झालं.

भाची: ती गोष्ट मला अजून आवडते. पण नामदेवांनी काय केलं ते बघ. समोरच्या जिवाकडे काय नाही, ते त्यांनी ओळखलं. तो रस्त्यावरचा कुत्रा होता, भुकेला, मिळालेली कोरडी भाकरी घेऊन पळणारा. त्याला तूप मिळत नव्हतं. सोन्याला रोज मिळतं. त्याला काय मिळत नाही ते सांगू? चालायला मिळत नाही. नवीन जागेचा वास मिळत नाही. दुसरा कुत्रा भेटत नाही. दिवसभरात डोकं चालवावं, पाय चालवावेत असं त्याच्या वाट्याला काही येत नाही. त्याच्यामागे धावायचं तर ते घेऊन धाव.

ह्यावर आत्या लगेच बोलत नाही, आणि ते मला समजतं. तिच्या पिढीच्या मनात अन्न देण्याला धर्माचं स्थान आहे. गोग्रास, काकबळी, दाराशी आलेल्या कुत्र्याला तुकडा. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. त्यात १९७२ चा दुष्काळ तिने कळत्या वयात पाहिलेला. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या ज्यांनी खाल्ल्या, त्यांच्या हातून उरलेली पोळी केराच्या डब्यात जात नाही. मग ती कुत्र्याच्या वाटीत जाते. सोन्याच्या अंगावरची चरबी अशी साठत आली आहे: अन्न वाया घालवायचं नाही ह्या अत्यंत चांगल्या सवयीतून. ह्या माणसांना लाडावलेली, बेफिकीर म्हणणं मला मान्य नाही. उपाय शोधायचा तर ह्या सवयीला बरोबर घेऊन शोधायला हवा, तिला मोडून नव्हे.

भाची: एकदा फक्त त्याचा दिवस मांडू या. सकाळपासून.

आत्या: सकाळी माझ्या चहाबरोबर बिस्किटं. दोन. मग त्याचे दाणे, ती वाटी भरून. जेवताना अर्धी पोळी, तूप लावून. पनीर आणलं असेल तर दोन तुकडे. चारला परत चहा, परत दोन बिस्किटं. रात्री दहीभात, अगदी लहान वाटीभर.

भाची: लिहिते मी. दाणे वजनकाट्यावर टाकले, ६० ग्रॅम भरतात, सव्वादोनशे कॅलरीच्या आत-बाहेर. अर्धी पोळी आणि चहाचा चमचाभर तूप मिळून शंभर. चार ग्लुकोज बिस्किटं, पुन्हा शंभरच्या जवळ. दहीभात शंभर. पनीर पन्नास-साठ. पावणेसहाशे झाल्या.

आत्या: एवढं तर माझी नात एका वेळेला खाते.

भाची: नातीचं वजन किती, ह्याचं किती? सात किलो वजनाच्या कुत्र्याचा नुसता जीव चालायला दिवसाला तीनशे कॅलरी लागतात. वजन उतरवताना आम्ही साधारण तिथूनच सुरुवात करतो. तीनशेतल्या शंभर तू चार बिस्किटांत देतेस. मोठ्या माणसाने रोजच्या जेवणाचा तिसरा हिस्सा चहाबरोबरच्या बिस्किटांत खावा, असं झालं ते. वरच्या खाऊची मर्यादा दिवसाच्या दहा टक्के, म्हणजे सोन्यासाठी तीस कॅलरी. एका बिस्किटाहून थोडं जास्त.

आत्या: मग त्याच्या वाटीत राहिलं काय?

भाची: तेच ऐक ना. वजन कमी करायचे वेगळे दाणे मिळतात, प्रथिनं आणि तंतू जास्त, कॅलरी कमी. त्यातले तो दिवसाला ८० ग्रॅम खाऊ शकेल. आज ६० खातोय. वाटीतलं कमी होणार नाही, वाढेल. जाणार ते वाटीच्या बाहेरचं.

आत्या: आणि हेच दाणे निम्मे करून दिले तर? तो महागडा डबा कशाला?

भाची: थोडे कमी करता येतात, निम्मे नाही. नेहमीच्या दाण्यांत जीवनसत्त्वं, क्षार, प्रथिनं पूर्ण दिवसाच्या खुराकाच्या हिशेबाने घातलेली असतात. खुराक निम्मा केला की तीही निम्मी होतात, आणि मग चरबीबरोबर स्नायूही झडतात. घरचंच द्यायचं असेल तर तेही चालतं, पण पशुआहार शिकलेल्या डॉक्टरकडून मापं लिहून घेऊन. दूध-पोळी हा पूर्ण आहार नाही.

आत्या: वाटीने मोजते मी. रोज तीच वाटी.

भाची: वाटीचा भरवसा धरू नकोस. मापाच्या कपाने दाणे काढताना माणसं केवढी चुकतात, ह्याचे अभ्यास झालेत, आणि माप जितकं लहान तितकी चूक मोठी. लॅब्रेडॉरला दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर बिघडत नाही. सोन्याच्या तर आठवा हिस्साच तो. पुरणाचं वजन करतेस त्या काट्यावर टाक.

आता ह्या सगळ्यातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी युक्ती. भाची ती आत्याला सांगते, पण ती प्रत्येक घराने उचलावी.

भाची: सकाळी उठलीस की दिवसाचे सगळे दाणे एकदाच मोजायचे आणि झाकणाच्या एका डब्यात ठेवायचे. सोन्याच्या तोंडात दिवसभरात जे जाईल ते ह्याच डब्यातून. तीन-चार वेळचं जेवण त्यातलं. तू चहा घेताना त्याला काही द्यावंसं वाटलं, दे, दोन दाणे. बिस्किट असो की दाणा, तुझ्या हातून मिळालं ह्याचंच त्याला अप्रूप. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचं संपलं.

आत्या: माझं मी पाळीन. बाकीच्यांचं काय? स्वयंपाकाच्या बाई येतात, त्या येताना त्याच्यासाठी खारी आणतात. नात आली की चिप्स. खालच्या मजल्यावरच्या वहिनी मटणाचं हाड पाठवतात. वॉचमन काय देतो ते तर मला माहीतही नाही.

भाची: वजन न उतरण्याचं पहिलं कारण हेच. घरातल्या प्रत्येकाला वाटतं, मी एकटाच तर देतो आणि एवढंसंच देतो. त्या सगळ्यांना ह्याच डब्यातून द्यायला लाव. बाई आल्या की त्यांच्या हातात चार दाणे ठेव. त्यांचाही जीव आहे त्याच्यावर, त्यांना तोडायचं नाही. आणि शिजवलेलं हाड तर अजिबात नको, त्याचे तुकडे होऊन घशात, आतड्यात टोचतात.

आत्या: आणि भाज्या? गाजर आवडतं त्याला.

भाची: दे की. गाजर, काकडी, वाफवलेली फरसबी, लाल भोपळा. मीठ-फोडणी नको. द्राक्षं आणि बेदाणे कधीच नको, त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. कांदा, लसूण, चॉकलेटही नाही.

आत्या: तो माझ्या पानाशेजारी बसून बघत राहतो गं. त्या डोळ्यांना काय सांगू?

भाची: ते डोळे दर वेळी भुकेचेच असतात असं नाही. नऊ वर्षं तिथे बसलं की मिळतं, हे तो शिकलाय. मिळालं नाही तर सुरुवातीला जास्तच मागेल, भुंकेल. त्या दिवसांत एकदा जरी दिलंस तर तो शिकेल की जास्त ओरडलं की मिळतं. त्यापेक्षा तू जेवायला बसशील तेव्हा त्याचंही जेवण लाव. दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेव, शोधू दे त्याला. किंवा पॅसेजमधे एकेक दाणा लांब टाक. तो जाईल, खाईल, परत येईल. तुझं जेवण होईतो त्याचं चालणंही होईल.

आत्या: हे जमेल. पण तू खरं खापर ऑपरेशनवर फोडायला हवंस. ते केल्यापासून हा सुटायला लागला.

भाची: बरोबर आहे तुझं. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज पाव हिश्शाने, कधी त्याहून जास्त कमी होते आणि भूक मात्र वाढते. त्याच आठवड्यापासून खुराक कमी करायला हवा होता.

आत्या: मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. टाके कधी काढायचे ते सांगितलं, अँटिबायोटिक लिहून दिलं, आणि घरी पाठवलं.

ही तक्रार रास्त आहे. नसबंदीच्या दिवशी घरी जाताना हे एक वाक्य कागदावर लिहून मिळालं, तर कितीतरी कुत्र्यांचं वजन मुळात चढणारच नाही. भाचीही इथे आपल्या व्यवसायाची बाजू घेत नाही, आणि तेच योग्य आहे.

भाची: म्हणूनच सुरुवात तपासणीने करू. थायरॉइड कमी असेल, कुशिंगचा आजार असेल, तर नुसत्या पथ्याने भागणार नाही. खूप पाणी पितो का, अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे गळतात का, पोट लोंबतं का, हे बघायचं. रक्त तपासायचं.

आत्या: आणि गोळी नाही का एखादी?

भाची: होती. अमेरिकेत २००७ साली कुत्र्यांच्या लठ्ठपणावरच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. आज ते बाजारात नाही. घरातल्या सवयी बदलल्याशिवाय औषधाने काही टिकत नाही.

आत्या: मग फिरवणं आलं. ते मात्र माझ्याच्याने होत नाही. गुडघे बघ माझे. आणि खाली गेलं की भटकी कुत्री ह्याच्यावर धावून येतात. मी त्याला उचलून घेऊन फाटकापर्यंत जाते आणि परत येते.

भाची: एक गोष्ट ऐकून तुला बरं वाटेल. नुसत्या चालण्याने त्याचं वजन उतरणार नाही. एवढ्या कुत्र्याने एक किलोमीटर चाललं तर जेमतेम दहा-बारा कॅलरी खर्च होतात. एका बिस्किटासाठी दोन किलोमीटर. आपल्याकडे लोक बिस्किटं तशीच ठेवतात आणि कुत्र्याला पळवतात. लठ्ठ कुत्र्याला गाडीच्या मागे पळवणारे पाहिलेत मी. सांधे दुखावतात, उन्हाळ्यात जीवही जातो.

आत्या: मग चालवायचं तरी कशाला?

भाची: पथ्यावर चरबी उतरते तसे थोडे स्नायूही उतरतात. ते चालण्याने टिकतात. सांधे मोकळे राहतात. उतरलेलं वजन पुन्हा चढत नाही, आणि बऱ्याच कुत्र्यांचं वर्षा-दोन वर्षांत परत चढतं, हा आमचा अनुभव आहे. पण सगळ्यात मोठं कारण त्याचं नाक. खांब हुंगत, कडेचं गवत हुंगत हळूहळू चालणं ही त्याची करमणूक आहे. त्याला ओढायचं नाही, वास घेऊ द्यायचा. तुझ्या गुडघ्यांनाही तोच वेग सोसेल.

आत्या: भटकी कुत्री?

भाची: ती अडचण खरी आहे, मी ती झटकत नाही. पण फाटकाबाहेर जायलाच हवं असं कुठे आहे? गच्ची आहे, पार्किंग आहे, मागची मोकळी जागा आहे. लिफ्टने उतरायचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. दमला नाही, लंगडला नाही, तर दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची. नात येईल तेव्हा ती त्याला बाहेर नेईल. गळ्यातला पट्टा काढून छातीवरून जाणारा हार्नेस घे, म्हणजे श्वासनलिकेवर ताण येणार नाही. जिने आणि उड्या सध्या बंद. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आठच्या आत आणि दिवस मावळल्यावरच. डांबरावर हाताची पाठ टेकवून बघ. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवे भाजतील. आणि उन्हाळा आला म्हणून त्याचे केस भादरू नकोस. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत, ते उन्हापासूनही राखतात.

आत्या: किती दिवस हे?

भाची: आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्के, म्हणजे सोन्याचं शंभर-दीडशे ग्रॅम. सव्वादोन किलो उतरायला पाच-सहा महिने धर. घाई करायची नाही. शंभर ग्रॅमचा फरक नजरेला कळत नाही, म्हणून तो काट्यावर बघायचा. उतरत नसेल तर डब्यातलं माप मी बदलून देईन. सात किलो नाहीच गाठलं तरी वाया जाणार नाही. २०१० साली छापलेल्या एका अभ्यासात सांधे दुखणाऱ्या चौदा लठ्ठ कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, तेव्हाच लंगडणं लक्षात येईल इतकं कमी झालं होतं. अभ्यास लहान आहे, पण दवाखान्यात मला दिसतं ते तसंच. सोन्याच्या बाबतीत ते झाले साडेपाचशे ग्रॅम.

आत्या: साडेपाचशे ग्रॅम. एवढं मी करीन. पण माझंही ऐकायचंस. दर आठवड्याला काटा नको. वजन उतरलं नाही की मला वाटत राहील मी त्याचं काही चुकवतेय, आणि मग मी सगळंच सोडून देईन. पंधरा दिवसांनी.

भाची: चालेल. पंधरा दिवसांनी. डॉक्टरकडे नको न्यायला, घरच्या काट्यावर मी त्याला उचलून उभी राहीन आणि माझं वजन वजा करू. त्यात थोडं इकडे-तिकडे होतं, म्हणून महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या काट्यावर.

आत्या: पानाशेजारी तो बसणार. त्याला दुसऱ्या खोलीत कोंडून मी जेवणार नाही.

भाची: कोंडू नकोच. टॉवेल पानाशेजारीच ठेव.

भाचीने हे पटकन मान्य केलं, ह्याचं मला बरं वाटलं. पथ्य कुठलं, तर शेवटी पाळलं जाईल ते. एकट्या राहणाऱ्या बाईचं जेवण कुत्र्याच्या सोबतीने होतं, त्या सोबतीवर पथ्याचा घाला पडला तर पथ्यच मोडेल. आणि मोडू नये असंच ते नातं आहे.

आत्या: पोळी?

भाची: करंगळीच्या पेराएवढा तुकडा, तूप न लावता. त्या तीस कॅलरीतला. गाजर-काकडीही त्यातच.

आत्या: आणि दहीभात?

भाची: दहीभात बंद.

आत्या: तो मी बंद करणार नाही. रात्री शेवटचा घास मी त्याला माझ्या हाताने देते. चमचाभर दे म्हणालीस तर चमचाभर देईन.

भाची: चहाचा चमचा. वाढायचा नव्हे.

आत्या: चहाचा.

भाची: मग सकाळी डब्यातले तीन-चार ग्रॅम दाणे कमी टाकायचे. रोज. आणि भाताला साखर नाही.

आत्या: साखर मी कधीच घातली नाही. वॉचमनशी मात्र तू बोल. माझं तो हसून ऐकतो आणि त्याला हवं तेच करतो.

भाची: जाताना बोलते. त्याला डब्यातले दाणे देऊन जाऊ का, रोजचे पाच?

आत्या: सहा दे. तो दोनदा ड्यूटीवर असतो.